बद्द वाजणारा दगड

ओटेवाल्याने आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरांत ग्रॅनाइट बसवला आणि सुट्टी मिळाली तेव्हा घरच्यांनी त्याला ग्रॅनाइटच दाखवायला नेलं. लेकीने चार तास गाडी चालवली. माळावर एकमेकांवर चढून बसलेले प्रचंड गोल दगड दिसले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बघा तरी. हे कुणी रचलेले नाहीत."

"दिसतंच आहे. पॉलिश कुठंय?"

ठेवणीतले कपडे सांभाळत मागे बसलेल्या बायकोला दगडांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला दोघांचा फोटो हवा होता. लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत तसा एकही निघाला नव्हता. दर वेळी कुणाचा ना कुणाचा ओटा अडलेला असायचा. इथे एका चार मजली दगडाखाली जोडीने फोटो काढतात, असं तिने ऐकलं होतं. तो दगड जेमतेम ताटाएवढ्या जागेवर टेकला होता.

रांग मोठी होती. नंबर जवळ आला आणि ओटेवाल्याचा हात आपोआप पुढे गेला. लादी घेण्याआधी तो ती बोटांच्या पेरांनी वाजवायचा. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर आत चीर आहे, ठेव परत. त्याने दगड वाजवला. बद्द. दोन पावलं सरकून पुन्हा वाजवला. बद्दच.

"चला बाहेर," तो म्हणाला. "आत चीर आहे."

"अहो, हळू बोला."

पण जन्मभर कटरच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस हळू कसा बोलणार? रांगेत मागे पोराबाळांना घेऊन उभ्या असलेल्या एका बापाने विचारलं, "काका, तुम्हाला काय माहीत?"

"सत्तावीस वर्षं हेच करतोय."

तेवढं पुरलं. जी रांग तासभर कुणाला पुढे घुसू देत नव्हती, ती एकमेकांना वाट देत पांगली. रखवालदार धावत आला.

"कोण म्हणालं पडणार? माझ्या आजोबांच्या आधीपासून उभा आहे तो."

"आजोबांनी वाजवून बघितला होता का?"

बायको मधे पडली. "अहो, तुमची लादी किती जाड असते?"

"अठरा मिलिमीटर."

"आणि हा?"

ओटेवाल्याने वर बघितलं आणि बघतच राहिला. एवढा जाड दगड बोटाने वाजवला तर बद्दच वाजणार. दुकानातल्या प्रत्येक नव्या कारागिराला तो हे पहिल्याच दिवशी शिकवायचा, आणि डबा घेऊन आलेली बायको दारात उभी राहून ऐकायची.

"मग नाही पडायचा," तो पुटपुटला. "थांब, लोकांना सांगतो."

"सांगाल नंतर," बायको म्हणाली आणि कोपराला धरून तिने त्याला दगडाखाली उभं केलं. "एवढं मोकळं पुन्हा मिळायचं नाही."

लेकीने अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत बायको समोर बघून हसते आहे आणि ओटेवाला मान वर करून दगडाची जाडी मोजतो आहे.

"यातला कुठला ठेवू, आई?"

"कुठलाही ठेव. तुझे बाबा जागचे हलले नाहीत, तेवढं पुष्कळ झालं."