रावजीचे साठ घाव

लासुर्ण्याचे दादासाहेब उसाचा ट्रॅक्टर चालवतात. कारखान्याच्या तळावर नंबर लागायला सहा-सहा तास जातात. बाकीचे ड्रायव्हर झोपा काढतात, दादासाहेब फोनवर राक्षस कापतात. आपल्या वीराला त्यांनी वडिलांचं नाव दिलं होतं, रावजी. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, कुणावर हात उगारला नाही. हा रावजी मात्र अकरा महिने कुऱ्हाडीनं मुंडकी उडवत होता. खेळ कडक होता. वीर एकदा मेला की कायमचा गेला.

त्या दुपारी सात शिंगांच्या राक्षसाशी गाठ पडली. त्याचा जीव एकोणीस हजार चारशेचा. साठ घावांत मेला नाही तर तो पेटतो आणि समोरच्याच्या चिंध्या करतो. घावाचा जोर वाढवणाऱ्या अंगठ्या दोन होत्या, एक पन्नास टक्क्यांची, एक तीसची; रावजीचं बोट एकच मोकळं.

"तात्या, तीस टक्केवाली घाला," मागच्या ट्रॅक्टरचा दीपक पायरीवर चढून म्हणाला.

"पन्नासची सोडून? येडा हाय का तू?"

"तुमचा शंभराचा घाव दीडशे टक्के वाढून अडीचशेचा झालाय. ही पन्नास त्या दीडशे टक्क्यांतच पडती, दोनशे टक्के होत्यात, म्हंजे घाव तीनशेचा. तीसवाली येगळी हाय, ती आख्ख्या अडीचशेला लागती. सव्वातीनशे! पन्नासवाली म्हंजे ट्रॉलीवर आणिक चार मोळ्या. तीसवाली म्हंजे खेपाच वाढल्या."

तळावर सगळ्यांत उंच ट्रॉली दादासाहेबांचीच असे, आणि ते त्यांना फार आवडे.

"खेपा तुमच्यासारखी पोरं करत्यात. आमी भरून आणतो," म्हणत त्यांनी पन्नासची अंगठी चढवली.

पहिल्या घावाला राक्षसाचं शिंग मुळासकट उडालं. विसाव्याला खांदा फाटून हाड दिसलं. राक्षसानं रावजीचा डावा हात कोपरापासून चावून तोडला. रावजी उरलेल्या हातानं कुऱ्हाड घालत राहिला. चाळिसाव्याला राक्षसाचा कोथळा बाहेर आला आणि जमीन लालभडक झाली. दीपक मोठ्यानं मोजत होता.

"एकुणसाठ... साठ!"

राक्षस गुडघ्यांवर आला होता. आणखी पाच घाव हवे होते. तेवढ्यात तो पेटला. त्यानं रावजीला तंगडीला धरून दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं, मग उभा फाडला.

"पाचच राहिले वो, तात्या."

"गप."

पडद्यावर विचारणा आली, नवा वीर करायचा का? दादासाहेबांचा अंगठा हलेना.

"दीपक, बापाचं नाव द्यायला नको हुतं रं."

एवढ्यात पुढची रांग हलली. मागून हॉर्न वाजू लागले.

"सरका तात्या," म्हणत दीपक आत शिरला. त्यानं त्यांची गाडी दहा फूट पुढं घेतली आणि मग आपली आणायला पळाला.