कात्रीभाऊचे कान

कात्रीभाऊ कॉम्प्युटरवर गाणं करायला बसला की पडद्यावर दुपट्टा टाकायचा. आवाजाचा जाड-बारीकपणा कमीजास्त करायच्या इक्वलायझरची रेघ दिसली की कान आळशी होतात, असं त्याचं म्हणणं. "डोळ्यानं गाणं करशील, तर लोक काय डोळ्यानं नाचतील बे?"

आमच्या कोंढा गावात जयंतीच्या मिरवणुकीची, लग्नांची डीजेची गाणी तोच करायचा. ढोल असा बसवायचा की कारध्याच्या पुलावरची एस.टी. ठेक्यात डुलायची. कारधा लांब आहे, मला माहीत आहे. ढोल त्याहून लांब जायचा.

कापण्यावरूनच त्याचं नाव पडलं. मी त्याच्या हाताखाली शिकत होतो. एकदा गाणारीचा आवाज उठावा म्हणून मी इक्वलायझर वर सरकवला, तर म्हैस चोरताना सापडल्यासारखा त्याने माझा हात धरला. "वाढवतं कायले? ढोलकी आन् बाई एकाच खुर्चीवर बसून राहिल्या. ढोलकीले जरा सरकव." त्याने ढोलकीचा मधला घोगरेपणा थोडा कापला, आणि बाई खोलीत येऊन उभी राहिली. त्याच्या बायकोने, शीलावहिनींनी, तिच्यासाठी चहाच टाकायचा बाकी होता.

इक्वलायझर निवडतानाही नखरे. "मळ काढाचा येगळा, रंग लावाचा येगळा. साबण आन् पावडर एकाच डब्यात ठेवतं का?" रंगाचा तो अगदी शेवटी लावी, तोही चिमूटभर.

आणि असा हा कापणारा माणूस वाढवायला लागला. वरच्या, बारीक आवाजांची पट्टी दर गाण्यात थोडी अजून वर. झांजा इतक्या टोचायच्या की म्हाताऱ्यांचे पडलेले दात दुखायचे. मिरवणुका तुमसरच्या डीजेकडे जाऊ लागल्या. भाऊ स्पीकरला शिव्या देई, नवा इक्वलायझर आणी. त्याच्या कानांना नावं ठेवायची छाती कोणाची?

एका संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. धानाच्या बांधीतल्या रातकिड्यांनी गाव डोक्यावर घेतलं होतं. भाऊ म्हणाला, "यंदा रातकिडे काहून नाही बे?"

वहिनींचे सुपातले हात थांबले. "अवो, वरडून राहिले नं. केव्हाचे."

भाऊ उठला. आत गेला, पडद्यावरचा दुपट्टा ओढला. रेघ उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, टेकडीसारखी चढलेली. त्याने ती सपाट केली, गाणं लावलं.

"मले तं गोधडीखालून आल्यावानी वाटते. तुले?"

"आता बरोबर आहे, भाऊ."

पुढच्या जयंतीला त्याने ते गाणं तसंच दिलं. "जुना भाऊ वापस आला!" म्हणत पोट्टे वेड्यासारखे नाचले. भाऊ ट्रॉलीशी उभा राहून सगळ्यांकडे बघून हसत होता. मग माझ्या जवळ सरकला.

"झांजा हायेत नं?"

"हायेत, भाऊ. मस्त हायेत."

त्याने मान हलवली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्याने. पण त्यानंतर गाणं केलं नाही. दुसऱ्याच्या कानाने गाणं करणं त्याला जमण्यातलं नव्हतं.