डावखुऱ्याच्या बदल्यात

व्हॉलीबॉलमध्ये जो चेंडू मारतो त्याचं नाव होतं, जो उचलून देतो त्याचा नुसता घाम जातो. मी उचलून देणाऱ्यांतला. आमच्याकडं त्याला लिफ्टर म्हणत. मागून आलेला चेंडू बोटांवर घ्यायचा, नेटजवळ वर सोडायचा आणि बाजूला व्हायचं. पुढचं कौतुक दुसऱ्याचं. याबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. तक्रार वेगळीच आहे आणि ती कुणाकडं करावी हे मला अजून कळलेलं नाही.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. झरीच्या पलीकडं एका खेड्यात मी प्राथमिक शाळेवर होतो. दुष्काळी कामावरचा मुरूम उरला होता. तो आम्ही तरुण गुरुजींनी काळ्या रानाच्या एका तुकड्यावर पसरला आणि ग्राउंड केलं, नाहीतर उन्हाळ्यात त्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडत. शाळा सुटली की आसपासचे गुरुजी सायकलींवर जमत. तालुक्याचा शिक्षकांचा संघ आमच्यातूनच निघे, कारण आमच्या साहेबांना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांना, या खेळाचं वेड होतं. स्वतः कधी चेंडूला हात लावला नाही. पण दरवर्षी परभणीला तालुक्या-तालुक्यांच्या शिक्षकांचे सामने होत, आणि तिथं जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल आपल्या ऑफिसातल्या कपाटावर असावी, ही एकच इच्छा त्यांनी उराशी धरली होती.

ती ढाल शेजारच्या तालुक्यात होती, एका डावखुऱ्या गुरुजींमुळं. उंच, काटकुळा, तिशीतला माणूस. डाव्या हातानं असा मारायचा की अडवणारे भलतीकडंच हात वर करून उभे राहत. त्याचा सामना असला की बाजाराला आलेले लोक खरेदी ठेवून बघायला थांबत. मी त्याच्यासमोर दोनदा हरलो होतो आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मला हरल्याचं दुःख झालं नव्हतं. माझं सगळं लक्ष त्याच्या लिफ्टरकडं होतं. तो बरा होता, पण चेंडू जरा खाली द्यायचा. मला वाटायचं, एक चेंडू, एकच, मी या माणसाला उचलून द्यावा. माझं लग्न ठरत होतं तेव्हाही मी इतका उतावीळ नव्हतो, हे बायको अजून ऐकवते.

दिवाळीनंतर बातमी आली की डावखुरे गुरुजी बदलून आपल्याकडं येत आहेत. मी त्या संध्याकाळी ग्राउंडवर सगळ्यांना भजी चारली. दोन दिवसांनी काही कामानं ऑफिसात गेलो, तर तिथले जुने हेडक्लार्क, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, चष्म्यावरून बघत म्हणाले, "गुरुजी, तुमचाबी तबादला हाय. न्हाई कळलं?"

सौदा एका लग्नाच्या पंगतीत झाला होता. दोन्ही साहेब शेजारी जेवायला बसले आणि ताक येईपर्यंत सगळं ठरलं. डावखुरा इकडं. त्याच्या बदल्यात मी, आणि आमच्यातला सगळ्यात लहान, नुकताच नोकरीला लागलेला एक गुरुजी, असे दोघे तिकडं. शिवाय पुढच्या जूनला जे नवे गुरुजी नेमले जातील, त्यांतला खेळणारा एक तिकडच्या साहेबांनी आधी उचलायचा. म्हणजे जो पोरगा अजून कुठंतरी अध्यापक विद्यालयात पाठाचं टाचण काढत बसला होता, त्याचीही वाट लागून गेली होती. त्या बिचाऱ्याला तर कुणी भजीसुद्धा दिली नव्हती.

मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. बोलायचं खूप होतं. चौथीची पोरं वर्षाच्या मध्येच सोडून जायची, हे मी आधी सांगितलं. ते बोलायला सोपं होतं. मग म्हणालो, "साहेब, ते यायलेत तर मला ठेवा. त्यांना उचलून द्यायला कोण हाय?"

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता, खरोखरच हसू आलं त्यांना. "आवो गुरुजी, मारणारा पायजे. उचलून काय, कुणीबी देतंय. अन् तुमाला दिल्याबिगर तिकडचे साहेब त्यांना सोडायलेत का? त्यांनी तुमालाच मागितलंय."

ऐकून मला आधी आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. पलीकडच्या साहेबांना लिफ्टरची किंमत कळत होती, आणि म्हणूनच मी जात होतो. आपली किंमत कळणाराच आपल्याला उपटून नेणार, आणि न कळणारा खुशाल देऊन टाकणार. मी नमस्कार करून बाहेर आलो आणि पेटी भरली.

आम्ही भेटलो परभणीच्या एसटी स्टँडवर. तो पालमच्या बाजूनं आलेल्या गाडीतून उतरला, मी त्या बाजूला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. दोघांकडं एकसारख्याच लोखंडी पेट्या आणि वळकट्या. मी ओळख सांगितली, तर माझ्या खेळावरून त्यालाही मी आठवलो. कॅन्टीनच्या बाकावर चहा घेतला. शाळा कशी, खोली मिळेल का, पाण्याचं काय, सगळं त्यानं विचारून घेतलं. त्यालाही यायचं नव्हतं. घरी म्हातारे वडील होते. मग म्हणाला, "तिकडं लिफ्टर कोण हाय?"

"मीच होतो, गुरुजी."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "मग मला कशाला बोलवायलेत?" म्हणाला. तो उठला, कॅन्टीनच्या छपराच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि डावा हात पूर्ण वर ताणला. "मला बॉल इथं लागतो. या बोटांच्या वर एक वीत. नेटपासून हातभर लांब. आजपातुर कुणी दिला न्हाई." हात त्यानं तसाच धरला होता, आणि मी ती जागा डोळ्यांनी मोजून घेतली. कशासाठी, कोण जाणे. तेवढ्यात माझी गाडी लागली.

वर्षभर तिकडं मी दुसऱ्यांना उचलून दिलं. संघ चांगला झाला. माझ्याबरोबर आलेला तो लहान गुरुजी भिंगरीसारखा खेळायचा. लोकांनी मला आपलं मानलं, जेवायला बोलावलं. नवे साहेब तर सामन्याच्या दिवशी माझी पिशवी स्वतः धरायचे. आणि परभणीला अंतिम सामन्यात समोर माझा जुना तालुका आला.

डावखुऱ्याकडं बघवत नव्हतं. चेंडू कधी त्याच्या कमरेला, कधी डोक्याच्या मागं. तो तरी उडी मारायचा, हवेतच वाकायचा, काहीतरी करून पलीकडं ढकलायचा. एकदाही लिफ्टरवर खेकसला नाही. मला नेटच्या अलीकडून ओरडावंसं वाटत होतं, अरे वर दे, हातभर लांब दे! पण मी कोण ओरडणारा? मी शत्रू. एवढं असूनही तो त्यांना ओढत ओढत निकालाच्या डावात चौदा-तेरा अशा आघाडीपर्यंत घेऊन आला. सर्व्हिस त्यांची होती. हा गुण गेला की ढाल गेली.

सर्व्हिस आमच्या मागच्या खेळाडूनं सुरेख घेतली. चेंडू अलगद माझ्या डोक्यावर आला. याहून सोपा चेंडू मला आयुष्यात मिळाला नसेल. आमचा लहान गुरुजी धावत आला, मी बोटं वर केली, सोडला. चेंडू वर गेला, जरा झुकला आणि नेटच्या पलीकडं उतरू लागला. हातभर लांब. आणि तिथं डावा हात आधीच वर होता, बोटांच्या वर एक वीत जागा ठेवून.

आवाज तेवढा ऐकू आला. मग गलका.

माझ्या जुन्या साहेबांनी ढालीकडं धाव घेतली. त्यांची खात्रीच पटली असणार की उचलून काय, कुणीबी देतंय. डावखुरा नेटखालून वाकून सरळ माझ्याकडं आला. डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि माझ्या अख्ख्या संघासमोर, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "अस्साच. अस्साच पायजे होता, गुरुजी."

तो गेल्यावर कुणी माझ्याकडं बघेना. लहान गुरुजी बूट सोडत बसला होता, त्यानं पाठ फिरवली. नवे साहेब आले. पिशवी त्यांच्याच हातात होती, ती त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि हळूच विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. चुकून गेला का?"

मी तोंड उघडलं. हो म्हणता आलं नाही. नाही तरी कुठं म्हणता आलं.