ओठ न भाजणारी फुंकणी

आमच्या कारखान्यात निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या बनतात. भट्टीत लालबुंद झाल्या तरी त्या वाकत नाहीत, की त्यांना पापुद्रे सुटत नाहीत; शिवाय एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाला सहजी पोचत नाही. कापून उरलेला असाच एक हातभर तुकडा मी साहेबांना विचारून मावशीला फुंकणी म्हणून दिला होता. काल तिच्याकडे भाकरी खायला गेलो, तर चुलीपुढे चक्क मावशीचे यजमान, आमचे काका! गाल फुगवून त्याच नळीने चूल फुंकत होते.

मी बघतच राहिलो. एवढ्या संसारात काका कधी चुलीकडे फिरकले नव्हते. लोखंडी फुंकणीने ओठ भाजतात, हे त्यांचं ठरलेलं कारण.

"ही कितीही वेळ जाळात धरा, ओठाकडचं टोक काही तापत नाही," मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. "मग म्हटलं, आता फुंका!"

मला हसू आलं. या नळीची आम्ही किती परीक्षा बघतो! ताप, दाब, गंज, सगळं. पण माणसाची सबबही ती वितळवील, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तशी एकेक लोखंडी फुंकणी आपण सगळेच जपून ठेवतो. सकाळी फिरायला न जाण्यासाठी माझे चावणारे बूट आहेत, आणि ते बदलायची मला मुळीच घाई नाही.

निखाऱ्यांवर भाकरी टम्म फुगली. काकांनी फुंकणी खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाले, "धूर फार होतो गं."

मावशी माझ्याकडे वळली. "धुरावर काही निघतं का रे तुमच्या कारखान्यात?"