माणसाले पाणी, कढईले झाकण

पहिल्या भेटीत कौसल्याबाईंनी मला माझं नावही विचारलं नाही. मागच्या दारानं त्या सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या, माझं कोपर धरलं आणि मला ओढत अंगणापलीकडच्या आपल्या ओट्यावर नेलं. लग्न होऊन नाशिकहून मी नुकतीच नागपुरात आले होते. पुऱ्या तळताना तेल मनगटावर उडालं आणि मी किंचाळले, एवढंच निमित्त. माझ्या मागे शाईची दौत घेऊन सासूबाई धावत होत्या. भाजल्यावर शाई लावायची, हा आमच्या घरचा इलाज.

"पाणी नोको लावू वं कौसल्या! फोड येते!"

"फोड जळल्यानं येते मामी, पाण्यानं नाही येत. अन् ते दौत घरी ठेवा, अर्ज लिहाले कामी येईन."

त्यांनी आधी माझ्या बांगड्यांना हात घातला. लग्नाचा हिरवा चुडा तो! साबण लावून एकेक बांगडी त्यांनी सरकवली. शेवटच्या दोन निघेनात, तेव्हा फडक्यात धरून टिचकवल्या. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं असतं. पण सासूबाईंना तेवढंही भान राहिलं नाही. "फोडल्या वं फोडल्या!" करत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मनगट सुजलं का मंग काढता येत नाही मामी. बांगड्या उद्या भरता येईन, हात कोठून भरसान?" कौसल्याबाई म्हणाल्या आणि तांब्यानं माझ्या मनगटावर पाण्याची धार धरली.

ते पाणी त्यांच्या रांजणातलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातलं पाणी सासूबाई पीत नव्हत्या. सुनेच्या हातावर ओतलेलं चालतं की नाही, हे ठरवायला त्या दिवशी त्यांना सवडच मिळाली नाही.

कौसल्याबाईंचे यजमान मिलमध्ये होते आणि त्या स्वतः घरी शेव-चिवडा करून दुकानांना देत. दिवसभर उकळत्या तेलापाशी बसायचं, म्हणजे भाजणं रोजचंच. त्यांच्या डाव्या दंडावर तळव्याएवढा खडबडीत डाग होता. सासरी आल्या आल्या त्यांना भाजलं, तेव्हा घरच्यांनी आधी चुना थापला, मग कणीक आणि वरून तूप. पुढे दवाखान्यात नर्सनं ते सगळं खरवडून काढलं. "जळलं तवा एकडाव रडली," त्या सांगत, "खरवडलं तवा रोज रडली." त्या नर्सनंच त्यांना पाण्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यात हे एक वेगळंच व्रत सुरू झालं.

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी नळाच्या पाण्यात डाळ शिजेल असं वाटायचं, तेही पाणी आलं तर. म्हणून कौसल्याबाईंनी एक छोटा रांजण ओट्याच्या सावलीत वेगळा ठेवला होता. त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण. घरात प्यायला घोटभर पाणी नसलं तरी त्या रांजणाला कोणी हात लावायचा नाही. एकदा त्यांच्या यजमानांनी पाळीवरून आल्यावर त्यातून तांब्या भरला, तर बाई म्हणाल्या, "ते जळल्याचं पाणी होय. तुमी जळले का? नाही ना? मंग ठेवा." ते बिचारे आमच्याकडे येऊन पाणी प्यायले.

पाण्याची धार किती वेळ धरायची याचंही त्यांचं माप ठरलेलं होतं. घड्याळ घरात होतं, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "घड्याळाकडे पायलं का माणूस घाई करते," असं म्हणून त्या आपल्या लग्नाची गोष्ट सांगत. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगून होईस्तोवर हात धारेखालून काढायचा नाही.

"लग्न होतं मौद्याकडे," अशी सुरुवात. मग नवरदेवाची बंडी, म्हणजे बैलगाडी, कन्हान नदीच्या रेतीत फसायची. नवरदेव नवे जोडे डोक्यावर घेऊन पाण्यातून यायचा. इकडे वाट पाहून पाहून वरण बुडाला लागायचं. दीक्षेनंतर गावातलं ते पहिलंच लग्न, म्हणून नवरीला पांढरं लुगडं. तिची आजी ते पाहून रडायला लागायची आणि मामा आजीला समजावता समजावता स्वतःच रडायचा. शेवटी बुद्धवंदना व्हायची, लागलेलं वरण सगळे चाटूनपुसून खायचे, "आन मंग मी नागपूरले आली." इथे गोष्ट संपायची. मध्येच कोणी हात ओढायला लागलं की त्या मनगट घट्ट धरत आणि म्हणत, "हालू नोको वं, अजून नागपूर नाही आलं."

मग धुतलेलं सुती फडकं सैलसं गुंडाळून देत. फोड कोणी फोडलेला त्यांना खपायचा नाही. "ते अंगानं सोताच बांधलेली पट्टी होय. तू काहून सोडून राहिली?" बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. तळव्याहून मोठं भाजलं असेल, तोंडावर असेल किंवा तान्ह्या लेकराला भाजलं असेल, तर मात्र पाणी ओतून झाल्याबरोबर रिक्षा. तिथे त्या कोणाचं ऐकत नसत, वेळ पडली तर स्वतः रिक्षात बसत.

नाशिकच्या कानाला त्यांची एक गोष्ट खटकायची. त्या हात भाजला म्हणत नसत, हात जळला म्हणत. हाताला जळला, भाकरीला जळली, सगळ्याला एकच शब्द. "जळलं का आधी पाणी!" हा त्यांचा मंत्र मोहल्ल्यातल्या पोरीबाळींना पाठ झाला होता. त्या एका शब्दानं पुढे घात केला.

आमच्या शेजारच्या नलूचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरची तारीख होती. एका दुपारी तिची आई बाजारात गेलेली, नलूनं शेवेसाठी कढईत तेल तापत ठेवलं आणि लग्नाच्या साड्या बघत बसली. तेल पेटलं. नलू धावली, आणि मंत्र आठवून तांब्याभर पाणी तिनं थेट कढईत ओतलं. भडका छपराला लागला. भिंतीच्या आडून हात लांबवून ओतलं होतं म्हणून तिचं तोंड वाचलं, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

कौसल्याबाई आधी पोचल्या. बांगड्या निघाल्या, धार सुरू झाली. त्यांनी विचारलं, "कढईत पाणी काहून टाकलं वं बाई?"

"तुमीच तं म्हणता मावशी," नलू हुंदके देत म्हणाली, "जळलं का आधी पाणी."

कौसल्याबाईंनी तांब्या पुन्हा भरला. धार तुटली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच गोष्ट सुरू झाली नाही. मी रिक्षा आणायला माणूस पाठवून परत आले, तरी त्या नुसतं पाणीच ओतत होत्या. शेवटी नलूच कण्हत म्हणाली, "मावशी, सांगा ना. बंडी कोठी फसली?" तेव्हा कुठे त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज इतका भरून आला होता की नवरदेव नदीतून बाहेर येतो की नाही, असं मला वाटलं.

नलू दवाखान्यातून घरी आली, पण तिची आई अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तुमच्या पाण्यापायी माही पोरगी गेली असती, कौसाबाई! लग्न मोडलं तं कोणाच्या दारात जाऊ?" त्यानंतर रांजणापाशी कोणी येईना. कोणाच्या पोराला पोळलं की घरातच पेस्ट, शाई, चुना. सासूबाईंनी तर दौत पुन्हा भरून ठेवली.

दुसरी कोणी असती तर दार लावून आपली शेव तळत बसली असती. मला वाईट वाटत होतं, म्हणून मीही म्हटलं, "जाऊ द्या ना, कशाला मनाला लावून घेता?" त्या माझ्यावरच उसळल्या. "काहून जाऊ देऊ? म्या सांगितलं ते अर्धं होतं. पाणी खोटं नव्हतं. आता पुरं सांगल्याशिवाय मी कोठी जात नाही."

काखोटीला कढई आणि हातात लांब दांड्याचं पत्र्याचं झाकण घेऊन त्या आधी नलूच्याच दारी गेल्या. "शिव्या द्याच्या तेवढ्या दे वं," त्या तिच्या आईला म्हणाल्या, "मंग बाहीर ये अन् पाय."

आईनं खरोखरच शिव्या दिल्या, आणि मग बाहेर आली. अंगणाच्या मधोमध स्टोव्हवर थोडं तेल ठेवलं होतं. कौसल्याबाईंनी पोरांना भिंतीपर्यंत मागे हाकललं आणि सगळ्यांसमोर तेल पेटू दिलं. बाया ओरडल्या. त्यांनी शांतपणे स्टोव्ह बंद केला आणि बाजूनं झाकण सरकवलं. जाळ गेला. नलूचा भाऊ झाकण उचलायला धावला, त्याला दटावून त्यांनी थांबवलं. "थंडं होऊ दे, नाही तं पुन्हा पेटते." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चुकी माही होती. आता नीट आयका. माणसाले पाणी, कढईले झाकण. म्हणा सारे!"

पोरांनी म्हटलं. बाया आधी लाजल्या, मग त्यांनीही म्हटलं. नलूनं पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून सगळ्यात मोठ्यानं म्हटलं. पुढे महिनाभर कौसल्याबाई ती कढई घेऊन पलीकडच्या गल्ल्यांतूनही हिंडल्या, कोणी बोलावलेलं नसताना. नलूचं लग्न ठरल्या तारखेला झालं. हातावर डाग राहिला, पण बोटं सगळी वळत होती.

काही वर्षांनी कौसल्याबाई पोटाच्या दुखण्यानं गेल्या. पाण्यानं बरं होण्यासारखं ते दुखणं नव्हतं, आणि त्या गेल्या तेव्हा मला माहेरचं माणूस गेल्यासारखं रडू आलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी सगळा मोहल्ला जमला होता. नलूही सासरहून आली होती. आलेल्यांसाठी त्यांची नवी सून चहा गाळत होती. रडून रडून डोळे सुजलेले, समोरचं धड दिसत नव्हतं. उकळता चहा तिच्या हातावर सांडला.

आम्ही उठेपर्यंत ओट्यावरून सासूबाई उठल्या होत्या. गुडघ्यांनी अधू झालेली माझी सासू रांजणापर्यंत कशी पोचली, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी सुनेच्या बांगड्या उतरवल्या, तांब्या भरला आणि धार धरली. पोरगी विव्हळत होती. सासूबाईंनी एकदा भिंतीवरच्या कौसल्याबाईंच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लग्न होतं मौद्याकडे."

बंडी फसली ती नलूनं सांगितली, जोडे मी सांगितले, वरण नलूच्या आईनं लावलं. आजीच्या रडण्याशी आल्यावर सगळ्याच रडलो. पोरीला आता बरं वाटत असावं. तिनं हळूच हात मागे घेतला.

सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"हालू नोको वं," त्या म्हणाल्या, "अजून नागपूर नाही आलं."