पायाळू शेवंताबाई

शेवंताबाई माणसाचं तोंड नंतर पाहायची, आधी पाठ. सुलतानपूरला तिच्या ओट्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'या' नाही की 'बसा' नाही; सरळ म्हणाली, "वळा."

ती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. दर रविवारी रांग लागायची. ती पायाच्या अंगठ्याने कमरेला तीनदा शिवायची आणि माणूस चकार शब्द न काढता चालता व्हायचा. बोललं तर गुण जातो म्हणे. या रिवाजापायी आयुष्यभर माणसं तिच्याकडे येत राहिली आणि बोललं मात्र कुणीच नाही.

माझ्या मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, पण दुखणं ठाण मांडून बसलेलं. मुलगा पुण्याहून कायरोप्रॅक्टरचे, पाठी कडाकड मोडण्याचे व्हिडिओ पाठवायचा. घरात पाठीला मलम लावायला कुणी नाही, व्हिडिओ मात्र भरपूर! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली मी, लाज गुंडाळून त्या रांगेत उभी राहिले होते.

टाक्यांचा व्रण दिसताच तिने पाय मागे घेतला.

"याच्यात लोखंड हाय काय, बाई?"

"स्क्रू आहेत."

"मंग मी नाही लावत पाय. डॉक्टरनं बसवलेलं मी काऊन हलवू? बसा, च्या घ्या."

पाय लागलाच नाही, त्यामुळे मला बोलायची मुभा होती. मग दर रविवारी लोणारहून एसटीने जाऊ लागले. रांग पांगली की आम्ही दोघी बोलत बसायचो. पुढे अकोल्याच्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेले, त्यानेही एक्स-रे पाहून सांगितलं, इथे झटका द्यायचा नाही. तो नुसता वरच्या भागावर हलका हात फिरवायचा. हे ऐकून शेवंताबाई खूश झाली. म्हणाली, "शिकलेला दिसते पोरगा."

हळूहळू माझी पाठ सुधारली. गेल्या हिवाळ्यात शेवंताबाई न्हाणीत घसरली. मी गेले तेव्हा आत पालथी पडून होती. रांगेतली माणसं दारातून डोकावून परत फिरत होती.

"बाई, मले पाय लावा."

"अहो, मी कुठे पायाळू आहे? डॉक्टरला बोलावू का?"

"तो पाहून गेला. हाड नाही मोडलं म्हणते. तुमी लावा."

पाय लावायला काही मी धजले नाही. कशीबशी खाली बसले आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवला. लुगड्याखाली मणके मोजता येत होते.

"बरं वाटतंय?"

"हाव. राहू द्या."

बराच वेळ हात तसाच ठेवला. मग शेवटची एसटी चुकेल म्हणून उठले. पुढच्या रविवारी जायचं ठरवलं होतं; शुक्रवारीच ती गेल्याचं कळलं.

चुकली असती एसटी तर काय बिघडणार होतं? घरी तरी कोण माझी वाट पाहत होतं?