दहा महिन्यांची खोली

लोणावळ्याच्या बाजाराच्या पाठीमागे अंबाजी शेठची चाळ होती. आठ खोल्या, पुढे लांबलचक ओटा, मागे प्रत्येक खोलीला हातभर पडवी आणि साऱ्यांत मिळून एक विहीर. स्टेशन पाच मिनिटांवर, भाजी दोन मिनिटांवर आणि घाटातल्या इंजिनांचा धूर थेट उशाशी. खोली दाखवताना अंबाजी शेठ धूर सोडून बाकी सगळं हौसेने दाखवी. भाडं मात्र परवडण्यासारखं होतं. त्यामुळे रेल्वेचे खलाशी, टांगेवाले, बाजारातले हमाल आणि एक शाळामास्तर असे लोक तिथे राहत आणि आपण अगदी भर गावात राहतो असं पाहुण्यारावळ्यांना सांगत.

चार नंबरच्या खोलीत शालूबाई राहायची. ती बेडशाची लेक. नवरा सोपान इंजिनांत कोळसा भरायच्या कामावर होता. तो बोलायचा कमी आणि त्याची कसर ती भरून काढायची. या खोलीत आल्या वर्षीच तिने चुलीसाठी तीन जागा बदलून पाहिल्या आणि शेवटी अशा कोनात चूल घातली, की घाटाकडून कितीही वारा आला तरी धूर मुकाट्याने दाराबाहेर जायचा. शेजारणी ती चूल बघायला येऊन गेल्या होत्या. भिंतीला फळी, फळीवर डबे, कोपऱ्यात देवांची पितळी डबी. खोली आपली आहे याबद्दल शालूबाईला काही शंका नव्हती.

अंबाजी शेठला मात्र होती. पाडव्याची गुढी उतरली, की तो ओट्यावरून चपला घासत फिरे आणि दारादारांत उभा राहून म्हणे, "आवरा आता. सीझन आला." म्हणजे चैत्र-वैशाख दोन महिने भाडेकरूंनी आपलं चंबूगबाळं उचलून वाटेल तिकडे जायचं आणि खोल्या मुंबईकरांना मोकळ्या करून द्यायच्या. तुंगार्लीत बंगला घ्यायची ऐपत नाही आणि उन्हाळाभर मुंबईत घाम पुसत बसावं तर चारचौघांत लाज वाटते, अशी काही सभ्य माणसं असतात. ती या चाळीत उतरत आणि नातेवाइकांना पत्रं धाडत, की लोणावळ्यास जागा घेतली आहे, हवा उत्तम आहे. हवा खरोखरच उत्तम होती. फक्त ती बारा महिने खाणाऱ्यांना त्यासाठी दोन महिने हाकलावं लागे. शेठला त्यात काही वावगं दिसत नसे.

सोपान त्या दिवसांत खलाशांच्या बराकीत पथारी टाकी. शालूबाई बेडशाला भावाकडे जाई. भाऊ भला होता, पण घर भावजयीच्या हातात होतं आणि भावजय नंदाबाई होती.

"आल्या का वन्सं?" नंदाबाई उंबऱ्यातूनच म्हणायची. "म्हंजे पाडवा झाला म्हनायचा."

शालूबाई दोन महिने तिथे काही बसून खात नव्हती. भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या दिवसांत शेणी, पालापाचोळा, डहाळ्यांची कवळं डोक्यावरून वाहून तिची मान मोडायची. पण विहिरीवर नंदाबाई सांगायची, "आमच्या वन्संला लोनावळ्याची हवा बाधती बगा. म्हनून त्या हितली खायाला येत्यात." बायका हसायच्या. शालूबाईही हसायची, कारण दुसरं काय करणार? पण चोवीस सालच्या उन्हाळ्यात कुणी परकी बाई तिला पाहून म्हणाली, "ह्यांस्नी घर न्हाई का?" आणि नंदाबाई घागर घासता घासता म्हणाली, "हाय की. दहा म्हैन्याचं हाय." त्या रात्री शालूबाई जेवली नाही. पुन्हा सीझनला या दारात पाय ठेवायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

पुढच्या पाडव्याला अंबाजी शेठ दारात आला, तेव्हा तिने आवराआवर केली नाही. ती म्हणाली, "शेठ, मुंबैच्या लोकांस्नी भांडी-धुण्याला बाई लागती का न्हाई? दर साली तुमी हुडकत फिरता. मीच करते. निजायला मागची पडवी द्या म्हंजे झालं."

शेठने हिशेबी डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. यात आपलं काही जात नाही, हे त्याला लगेच कळलं. "पर तू हितंच ऱ्हातीस ह्ये तोंडातनं काढायचं न्हाई," तो म्हणाला. "वापरातली खोली म्हनल्यावर गिऱ्हाईक बिचकतं. मी नवी कोरी सांगितलीया."

"व्हय," शालूबाई म्हणाली. आणि बाजाराला आलेल्या बेडशाच्या माणसाबरोबर तिने भावाला निरोप धाडला, की यंदा मालकानं खोली बाराही महिने आम्हालाच ठेवली आहे, सबब येणं होत नाही.

चार नंबरमध्ये पद्मजाबाई उतरल्या. गिरगावातल्या. यजमान गोपाळकृष्णपंत कुठल्याशा कचेरीत होते आणि येताना छत्री, थर्मामीटर व तीन ट्रंका घेऊन आले होते. पद्मजाबाईंनी पहिल्याच सकाळी शालूबाईला तिचं घर दाखवलं.

"हे बघ शालू, ही फळी. डबे इथे ठेवायचे. ही खिडकी, हिला कडी आहे. आणि तो कोपरा रोज सारवायचा, कळलं?"

"व्हय बाई," शालूबाई म्हणाली. तो कोपरा ती सहा वर्षं रोज सारवत होती, पण पद्मजाबाईंनी इतकं मन लावून सांगितल्यावर तिला मोडता घालणं बरं दिसलं नसतं.

"आणि ही चूल कोणी घातली अशी तिरपी? कोण राहत होतं इथे आधी?"

"व्हती यक बाई. लय आळशी."

"दिसतंच आहे," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चूल सरळ करवून घेतली. शालूबाईनेच माती कालवली. मग तीन दिवस गिरगावचं ते कुटुंब धुरात डोळे चोळत लोणावळ्याची उत्तम हवा खात बसलं. गोपाळकृष्णपंतांनी थर्मामीटर लावून पाहिला. चौथ्या दिवशी पद्मजाबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "शालू, ती चूल पहिल्यासारखी कर. त्या बाईला तेवढी अक्कल होती म्हणायची." आयुष्यात शालूबाईची अशी तारीफ कधी कुणी केली नव्हती आणि ती घ्यायलाही तिला बंदी होती.

एका मंगळवारी मंडळी तुंगार्लीकडे फिरायला गेली होती. शालूबाई दळण पाखडत बसली होती. तेवढ्यात दारात आवाज आला, "वन्सं, हाय का घरात?"

नंदाबाई कामशेतहून गाडीने आली होती. भाऊ बाजारात बियाणं बघत थांबला होता आणि ही नणंदेचं बारा महिन्यांचं घर बघायला आली होती. शालूबाईने सूप खाली ठेवलं. खुंटीवर कोट, भिंतीशी तीन ट्रंका, फळीवर चिनी मातीचे कप. तिचं स्वतःचं काही दिसत असेल तर ती चूल.

"ये वैनी," ती म्हणाली. "मुंबैचे पावने उतरल्यात माज्याकडं. त्येंचा पसारा हाय."

"तुमच्याकडं?" नंदाबाईने भुवई उचलली.

"मंग कुनाकडं?" एकदा खोटं बोलायचं ठरवल्यावर शालूबाई हात राखून बोलणारी नव्हती. तिने फळीवरच्या दोन कपांतच चहा ओतला, पाहुण्यांची साखर सढळ हाताने घातली आणि नंदाबाईला पाटावर बसवलं. हात धुवायला म्हणून नंदाबाई मागच्या पडवीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती सरळ पाटावर बसली. कप तोंडाला लावला आणि त्याच वेळी पद्मजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना चप्पल चावली होती, म्हणून त्या एकट्याच लवकर परतल्या होत्या.

पद्मजाबाईंनी आपला कप पाहिला. मग कप धरलेली परकी बाई पाहिली. मग शालूबाईचा चेहरा. आता एक शब्द आणि उद्या बेडशाच्या विहिरीवर आपली चामडी वाळत पडणार, हे शालूबाईला स्वच्छ दिसत होतं.

"ही माजी भावजय, बेडशाची," ती कशीबशी म्हणाली. "आन् वैनी, ह्या पद्मजाबाई. माज्याकडं उतरल्यात त्या."

पद्मजाबाईंची नजर चुलीकडे गेली. तिथे ती जरा वेळ थांबली. मग उंबऱ्याबाहेरच चपला काढत त्या म्हणाल्या, "शालूबाई, येऊ ना आत?"

"या की," शालूबाई म्हणाली आणि तिला एकदम रडू आलं. ते तिने धुरावर ढकललं. धूर मुकाट्याने दाराबाहेर चालला होता.

नंदाबाई निघताना म्हणाली, "झ्याक हाय घर. पुडल्या साली आमीच येतो दोन म्हैनं, तुमची हवा खायला. न्यायला या." शालूबाई "येते की" म्हणून चुकली.

पद्मजाबाई काही देवमाणूस नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या भांडी दोनदा घासून घेऊ लागल्या. ते दोन कप त्यांनी वेगळे काढून ठेवले, कुणाचे उष्टे झाले म्हणून, आणि सीझन संपल्यावर मोठ्या मनाने शालूबाईलाच देऊन टाकले.

वर्ष सरलं. पाडव्याला अंबाजी शेठ आला आणि म्हणाला, की यंदाची मंडळी आपला नोकर घेऊन येणार आहे, पडवीसुद्धा त्याला लागेल. शालूबाईने वाकळ गुंडाळली, देवांची डबी आणि ते दोन कप बोचक्यात बांधले आणि ती बेडशाच्या वाटेला लागली. कामशेतपासून सगळ्या वाटेने ती एकच वाक्य घोकत होती.

नंदाबाई उंबऱ्यातच होती. शालूबाई घाईने म्हणाली, "वैनी, तुला न्यायला आले."

नंदाबाईने बोचक्याकडे पाहिलं. वाकळ आणि देव घेऊन कुणी कुणाला न्यायला येत नाही, हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण ती सावकाश म्हणाली, "बरं केलंत. पर मला कुटं लगीच निगता येतंय? राब भाजायचाय, घर शाकारायचंय. दोन म्हैनं तरी लागतील मोकळं व्हायला. तवर तुमाला थांबावं लागंल."

"थांबते की," शालूबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी विहिरीवर नंदाबाईने सगळ्यांना सांगितलं, की वन्सं लोणावळ्याला न्यायला आल्यात, लय मागं लागल्यात, मीच थांबवून धरल्यात. शालूबाई खाली मान घालून घागर घासत राहिली. घरी आल्यावर नंदाबाईने त्या दोन कपांत चहा ओतला आणि एक तिच्यापुढे सरकवला.

"आन् ती वाकळ सोडा हिकडं," ती म्हणाली. "गेल्या साली पडवीत बगितली तवाच इरलेली व्हती. उद्या दुपारच्याला दोगी बसून टाकं घालू."